प्रतिकूल काही आढळले नाही

"तू हलू नको," वयनी म्हणाली आणि तिनं मागून माझी दोन्ही मनगटं धरली. "तुया फॉर्म ठाण्यात हाय."

समोर अंगणात माझा मोठा भाऊ यादव मार खात होता. मोरेश्वर गभनेची दोन माणसं त्याची मेटॅडोर ओढून न्यायला आली होती. एक जण गाडीत चढून चावी मागत होता. दुसऱ्यानं यादवची मान काखेत दाबली होती आणि मोकळ्या हातानं तो त्याच्या तोंडावर गुद्दे घालत होता. यादवच्या नाकातोंडातून रक्त गळत होतं आणि बनियन छातीपर्यंत लाल झालं होतं. मी ओसरीवर उभा होतो. बावीस वर्षांचा, आयटीआय फिटर, रोज शंभर जोर काढणारा. आणि सुलोचनावयनी, म्हणजे यादवची बायको, माझी मनगटं धरून मला थांबवत होती. खरं सांगायचं तर तिला फारसा जोर लावावा लागला नाही.

"चावी दे बे," गाडीतला ओरडला. "चार हप्ते थकले हायत."

"गाडी नेली तं हप्ते कुठून भरू?" यादवनं दबलेल्या गळ्यानं विचारलं.

त्यावर आणखी एक गुद्दा बसला. यादव गुडघ्यावर आला, आणि खाली वाकला तसा त्याच्या हाताला चाक खोलायची टामी लागली. हातभर लांब लोखंडी कांब. तो उठला तो ती घेऊनच. पहिला घाव गुद्दे घालणाऱ्याच्या जबड्यावर बसला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला आणि तो माणूस तोंड धरून खाली बसला. त्याच्या बोटांतून रक्ताबरोबर दात पडले. दुसरा गाडीतून उतरून धावला, तर यादवनं त्याच्या कोपरावर टामी घातली. तो लोंबकळता हात धरूनच पळाला.

यादवनं टामी खाली टाकली आणि माझ्याकडे बघितलं. "तू मधात पडला नाय नं?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"बरं केलं."

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. ज्यांना आमचं सावरटोला माहीत नाही, त्यांना हे चमत्कारिक वाटेल. गावापासून चार कोसांवर दारूगोळ्याचा कारखाना होता आणि गावातल्या प्रत्येक धडधाकट पोराच्या आईबापाला तो एकच देव ठाऊक होता. परीक्षा पास झालं, डॉक्टरी तपासणी झाली की कारखान्यातून एक फॉर्म पोलीस ठाण्यात जायचा. पोरगा कसा आहे, त्याच्यावर गुन्हा आहे का, कर्ज आहे का, हे बघायला पोलिसांच्या गोपनीय शाखेचा जमादार घरी यायचा. तो येईपर्यंतचे दिवस आमच्याकडे हळद लागलेल्या नवरदेवासारखे पाळत. पोराला बाजारात पाठवायचं नाही, मिरवणुकीत जाऊ द्यायचं नाही, कबड्डीच्या मैदानावर तर मुळीच नाही. कारण गावही तसंच होतं. ज्याचा फॉर्म ठाण्यात, त्याला जुन्या खोड्यांचा हिशेब चुकवायला लोक टपून बसत. तो उलटून मारू शकत नाही हे सगळ्यांना माहीत असे. मला स्वतःला पानठेल्यासमोर एकानं भर दुपारी दोन कानफटात दिल्या होत्या आणि मी हसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटवून घेऊन घरी आलो होतो.

आईबाप मी लहान असतानाच गेले. मला यादवनं वाढवलं, शिकवलं. त्यामुळे माझी नोकरी ही एकट्या माझी नोकरी नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. निदान तेव्हा असं मी स्वतःला सांगत होतो.

संध्याकाळी पोलीस आले आणि यादवला घेऊन गेले. जबडा मोडलेला माणूस जिल्ह्याच्या दवाखान्यात होता. यादववर गंभीर दुखापतीचा गुन्हा लागला आणि मेटॅडोर ठाण्याच्या आवारात जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुद्द मोरेश्वर गभने आमच्या घरी आला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. गाड्यांवर पैसे फिरवायचा त्याचा धंदा होता. मला वाटलं, आता आमचं काही खरं नाही. पण तो ओसरीवर शांतपणे बसला, वयनीकडून पाणी मागून घेतलं आणि माझ्याकडे बघून हसला.

"तू कारखान्यात लागून राह्यला म्हनते."

"फॉर्म आला आहे ठाण्यात."

"लाग. माया तुले आशीर्वाद हाय." त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मले घाई नाय. यादव काय देनार, त्याच्यापाशी हाय काय? तू लागला का महिन्याच्या महिन्याले तू देशील. तोवर त्याच्या केसाले धक्का नाय लावत मी. त्यानं माया मानसाचं थोबाड फोडलं, तरी नाय."

तो गेल्यावर वयनीनं देवापुढे दिवा लावला. तिला वाटलं संकट टळलं. मला वेगळंच वाटत होतं. मला भीती वाटत होती आणि ती यादवसाठी नव्हती. नोकरी लागायच्या आधीच माझ्या पगाराला दुसरा धनी झाला होता, आणि हे जमादाराच्या कानावर गेलं तर नोकरीच लागणार नव्हती.

त्याच दुपारी मी कापगते काकांकडे गेलो. ते कारखान्यातून रिटायर झालेले. कुणाच्या फॉर्मचं काय झालं हे गावात त्यांनाच विचारायचं. ते लाकडी सोफ्यावर उघडेच बसले होते.

"दिवाकर, तुया फॉर्म गेला गा," ते म्हणाले. "भाऊ फौजदारीत, घरावर कर्ज. असा मानूस बारुदाच्या कोठारात कोन घेईन?"

"पण गुन्हा यादववर आहे. कर्जही त्याचंच आहे."

"एका घरात रायते नं तुमी? कर्जवाला मानूस विकत भेटते, असं समजते सरकार. त्याच्या घरचाबी विकत भेटते." त्यांनी पंच्यानं मान पुसली. "एकच उपाय हाय. पेपरात नोटीस दे. का याचा आन् माया संबंध नाय. जमादार आला का कातरन दाखव."

आमच्याकडे अशा नोटिशा नेहमी येत. बाप मुलाशी संबंध तोडे, नवरा बायकोशी. लोक चहा पिताना त्या वाचून करमणूक करून घेत. मी तालुक्याला गेलो आणि पेपरच्या कचेरीत बसून स्वतःच्या हातानं मजकूर लिहिला. "तमाम जनतेस कळविण्यात येते की, माझा भाऊ यादव हटवार याच्या वाईट वर्तनामुळे मी त्याच्याशी सर्व संबंध तोडले आहेत. त्याच्या कोणत्याही देण्याघेण्यास मी जबाबदार राहणार नाही." हे लिहिताना यादव कोठडीत होता. त्याला मी विचारलं नाही. वयनीलाही सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी यादव जामिनावर सुटला. कोठडीत त्याला चांगलाच चोप मिळाला होता. श्वास घेताना तो बरगडी धरत होता. पण दाढी गुळगुळीत केलेली होती आणि हातात घडी घातलेला पेपर होता.

"न्हाव्यानं वाचून दाखवला," तो म्हणाला. "'वाईट वर्तनामुळे' हे तुयं हाय का कापगत्याचं?"

"काकांचं," मी म्हणालो. ते माझं होतं.

वयनी आतून आली, तिनं पेपर घेतला, ओठ हलवत वाचला आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मी नजर खाली घातली.

"आता असं कर," यादव तिला म्हणाला. "भांडे बांध. बंद राइस मिलच्या मांगं खोली हाय, ते भेटते."

"कायले?" वयनी म्हणाली. "घर तुमचं हाय. जो नोटीस देते त्यानं जावं."

"पागल झाली का? जमादार येईन, शेजारी विचारीन. एकाच चुलीवर जेवते म्हनून कोनी सांगतलं तं? एवढा कागद छापला, तो खोटा पडाले नाय पायजे." मग तो माझ्याकडे वळला. "आमी रस्त्यात भेटलो तरी ओळख देऊ नको. नोकरी लागली का पाहू."

तासाभरात ते गेले. स्टो, दोन गोधड्या, भांड्यांचं पोतं. यादवला वजन उचलवत नव्हतं म्हणून पोतं वयनीनं डोक्यावर घेतलं. मी मदतीला पुढे झालो तर यादवनंच मला हातानं मागे सारलं, कारण समोरच्या घरातून लोक बघत होते. मला वाईट वाटलं. पण त्या वाईट वाटण्यात सुटकाही होती. ती मी तेव्हाही ओळखली होती.

पुढच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास लांजेवार जमादार आले. जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. मोटरसायकल कडुनिंबाखाली लावली, खुर्चीवर बसले, मांडीवर फाइल उघडली. मी चहा केला. तो फार गोड झाला होता, पण ते प्यायले.

"घरी कोन कोन?"

"मी एकटाच."

"कोर्टकचेरी? कदी पकडलं का तुले?"

"नाही."

"दारू, जुगार?"

"नाही."

"कर्ज, उधारी, पतसंस्था?"

"नाही साहेब."

ते लिहीत होते. काम होत आलं होतं. तेवढ्यात फाटक जोरात आपटलं आणि वयनी अंगणात आली. ती पळत आली होती. कपाळ फुटलं होतं आणि रक्त भुवईवरून डोळ्यात उतरत होतं. एका बाहीच्या चिंध्या झाल्या होत्या.

"दिवाकर, चाल," ती म्हणाली. "गभने आला हाय. पाच जन हायत. मारून टाकून राह्यले त्याले." मग तिला खाकी कपडे दिसले. "साहेब, चला तुमी. मिलच्या मांगं. माया मानसाले मारून राह्यले."

जमादार उठून उभे राहिले. मिल तिथून पायी पाच मिनिटांवर होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कोन हाय हे? तुले नावानं हाक मारते."

वयनी माझ्याकडे बघत होती. डोळ्यातलं रक्तही तिनं पुसलं नव्हतं. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की माझी वयनी आहे. मी शर्टाच्या खिशातून कात्रण काढलं आणि जमादारांच्या हातात दिलं.

"संबंध नाही साहेब," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि कात्रण वाचलं. मला वाटतं दोनदा वाचलं. वयनी त्यांच्या बाहीला धरून ओढत होती. "मंग वाचा नं साहेब," ती म्हणत होती. "पाया पडते, मंग वाचा."

"म्हन्जे ज्याले मारून राह्यले, तो तुया भाऊ हाय," जमादार मला म्हणाले.

"होता."

"होता का हाय?"

मी त्यांचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"चाल, बस मांगं. तुले मिलचा रस्ता माहीत असंन."

"साहेब, मी तिथं गेलो तर मारामारीत माझं नाव येईल," मी म्हणालो. "माझा फॉर्म आहे तुमच्याकडे."

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. वयनीला मागे बसवलं आणि गाडी काढली. मी ओसरीवरच उभा राहिलो. त्यांची फाइल खुर्चीवर राहिली होती. ती वाऱ्यानं उघडू नये म्हणून मी तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवला.

मिलमागे काय झालं ते मी पुढे कोर्टात, वयनीच्या साक्षीत ऐकलं. शेवटच्या बाकावर बसलो होतो. गभने त्या सकाळी हातात पेपर घेऊन आला होता. त्यानं यादवला नोटीस वाचून दाखवली. ज्या पगारवाल्या भावाच्या भरवशावर आपण थांबलो होतो, तो कुठं गेला, असं त्यानं विचारलं. मग त्यानं एका कागदावर यादवची सही मागितली, की माझा भाऊ नोकरीला लागल्यावर माझं कर्ज फेडेल, नोटीस खोटी आहे. सही केलीस तर आम्ही चाललो, असं तो म्हणाला.

"मले भाऊ नाय," यादव म्हणाला.

त्यांनी त्याला कोंड्याच्या ढिगावर पालथं पाडलं. दोघं पाठीवर बसले. जबड्याला पट्टी बांधलेल्या माणसानं मिलची लोखंडी सळई घेऊन आधी उजव्या हाताची बोटं ठेचली. गभनेनं पुन्हा विचारलं. मग डाव्या हाताची. वयनी मध्ये पडली तेव्हा सळई तिच्या कपाळावर बसली, आणि ती तिथून माझ्याकडे पळाली. निघताना मागून तिला यादवचा आवाज येत होता. प्रत्येक घावाला तो तेच म्हणत होता. वकिलानं तिला विचारलं, शेवटचे शब्द नक्की काय होते. ती म्हणाली, "मले भाऊ नाय, असंच. धा-बारा वेळा म्हनले असन."

जमादार पोचले तेव्हा मारेकरी नुकतेच निघून गेले होते. गाड्यांची धूळ अजून खाली बसली नव्हती, असं त्यांनी साक्षीत सांगितलं. यादवचं डोकं कानामागे फुटलं होतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत, पोलिसांच्या जीपमध्येच तो गेला. वयनीच्या मांडीवर.

कापगते काका संध्याकाळी माझ्याकडे आले. "मसनात जाऊ नको," ते म्हणाले. "आठ दिवसांचा प्रश्न हाय. एवढं निभावलं, आता कायले घान करतो." मी गेलो नाही. अग्नी वयनीच्या भावानं दिला. मी दार लावून आत बसलो होतो आणि बाहेरून माणसं परत येताना त्यांच्या पायांचा आवाज ऐकत होतो. मी रडलो, पण आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात टॉवेल धरला होता.

आठव्या दिवशी लांजेवार जमादारांनी मला ठाण्यात बोलावलं. आवारात मेटॅडोर तशीच उभी होती. ते टेबलामागे बसले होते. त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली आणि बोट ठेवून दाखवलं. चारित्र्य चांगले. गुन्हा दाखल नाही. कर्जबाजारी नाही. प्रतिकूल काही आढळले नाही.

मला आनंद झाला. हे सांगायला मला आजही लाज वाटते.

"भावाबद्दल काय लिहिलं साहेब?" मी विचारलं.

"भावाचा रकाना नाय यात."

मला कळलं नाही. ते त्यांनी बघितलं असावं, कारण त्यांनी फॉर्मची पानं एकेक करून माझ्यासमोर उलटली.

"पाय. तुयावर गुन्हा हाय का. तुयावर कर्ज हाय का. तू काई लपवलं का. एवढंच विचारते सरकार. तुया भाऊ जलमभर जेलात असता आन् गावभर त्याची उधारी असती, तरी मी हेच लिहिलं असतं. वीस वर्सं हे काम करून राह्यलो."

"मग ती नोटीस?"

"ते कोनं सांगतली तुले, मले ठाऊक नाय. मी तं मांगतली नवती."

त्यांनी कात्रण ड्रॉवरमधून काढून टेबलावर माझ्यापुढे ठेवलं. त्याच्या कडेला वयनीच्या रक्ताचं बोट उमटलं होतं. तिनं त्यांची बाही ओढली तेव्हा लागलं असावं.

"मी नव्हतो म्हणत..." मी सुरुवात केली.

"त्या दिशी तुया ओसरीवर मी जे पाह्यलं, त्याचाबी रकाना नाय यात," जमादार म्हणाले. "असता तं लिहिलं असतं. कर सही."

मी सही केली. एक तारखेला कारखान्यात रुजू झालो.